खूप वजन उतरल्यावर सैल कातडी: काय तपासायचं, किती थांबायचं, ऑपरेशनचा विचार कधी करायचा

तीस-चाळीस किलो उतरल्यावर पोटावर, दंडांवर, मांड्यांवर लोंबणारी कातडी परत बसते का? काही प्रमाणात बसते. तरुण वयात आणि वजन बेताचं उतरलं असेल तर बरीच बसते. ४५ किलोंच्या पुढे उतरवलेल्या बहुतेकांची पूर्णपणे बसत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. त्वचेला ताणून पुन्हा जागेवर आणणारे इलॅस्टिनचे तंतू शरीर मुख्यतः बालपणापर्यंतच तयार करतं. वर्षानुवर्षं ताणून ते तुटले की मोठेपणी त्यांची नीट भरपाई होत नाही.

नुकसान होतं ते क्रम चुकल्यामुळे. चरबी शिल्लक असताना ती कातडी समजून लोक महागडी क्रीम घेतात. उलट, खरोखर कातडीच उरलेली असते तेव्हा ती चरबी समजून जेवण आणखी तोडतात आणि स्नायू गमावतात. वजन अजून उतरत असतानाच ऑपरेशनची तारीख ठरते. पोटाच्या घडीत चट्टा उठला की मेडिकलमधून हाताला लागेल ती ट्यूब आणली जाते. म्हणून पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या. ऑपरेशन करायचं नाही असं ठरलं असेल तरी पहिले पाच टप्पे तुमच्यासाठी आहेत.

## टप्पा १: लोंबतंय ते नक्की काय, ते ओळखा

पोट पुढे दिसण्याची चार कारणं असू शकतात: त्वचेखालची चरबी, आतड्यांभोवतीची चरबी, पोटाच्या स्नायूंमध्ये पडलेली फट किंवा हर्निया, आणि खरोखरची सैल कातडी. चारही एकत्र असू शकतात, पण उपाय प्रत्येकाचा वेगळा आहे. सकाळी, पोट रिकामं असताना ही तपासणी करा.

१. चिमटा. आधी हात सरळ ठेवून कोपरावरची कातडी चिमटीत धरा. तिथे चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे नुसती दुहेरी कातडी किती जाड लागते याचा अंदाज येतो. मग बेंबीपासून चार बोटं बाजूला, दंडाच्या मागे मधोमध आणि मांडीच्या आतल्या बाजूला तसाच चिमटा घ्या. पोटाची कातडी कोपरापेक्षा थोडी जाड असतेच. घडीची जाडी साधारण १ सेंटिमीटरच्या आत असेल तर हाती आली ती बहुतांशी कातडी. २ सेंटिमीटर किंवा जास्त भरली तर आत चरबी आहे.

२. ओणवं होऊन. हात आणि गुडघे जमिनीवर टेकून ओणवे व्हा आणि खाली पाहा. पातळ, सुरकुतलेली, बारीक चुण्या पडलेली लोंबते ती कातडी. गोलसर आणि भरीव लोंबते ती चरबी.

३. उताणं झोपून. गुडघे वाकवा आणि डोकं-खांदे थोडे उचला. मधल्या रेषेत बेंबीच्या वर-खाली बोटं आडवी ठेवून दाबा. दोन बोटांहून जास्त रुंद फट लागली किंवा मधोमध उभा उंचवटा वर आला तर स्नायू एकमेकांपासून लांब गेले आहेत. बाळंतपण झालेल्या बायकांत हे नेहमी आढळतं, पण खूप वजन असलेल्या पुरुषांतही असतं. कितीही क्रीम लावलं तरी ते पोट आत जाणार नाही.

४. खोकून. उभं राहून खोका. बेंबीपाशी, जुन्या ऑपरेशनच्या वणाजवळ किंवा जांघेत गाठीसारखा फुगवटा आला तर आधी जनरल सर्जनला दाखवा.

नेहमीची चूक: वजन उतरताना उरलेली चरबी मऊ आणि हलती होते, हाताला कातडीसारखीच लागते. स्वतःला 'फक्त कातडी उरली आहे' असं समजणाऱ्या पुष्कळ जणांच्या, विशेषतः पुरुषांच्या, खालच्या पोटावर चांगली चरबी शिल्लक असते. ती उतरली की आकार आणखी सुधारतो. चिमटा जाड आला तर ही चांगली बातमी समजा.

तपासा: चिमटा पातळ, पण पोट फुग्यासारखं पुढे आणि टणक? मग आतड्यांभोवतीची चरबी किंवा स्नायूंची फट असण्याची शक्यता जास्त. कंबरेचा घेर बेंबीच्या पातळीवर मोजून ठेवा.

## टप्पा २: किती परत बसेल याचा खरा अंदाज बांधा

आकडा कुणीच देऊ शकत नाही, पण कल कळतो. या गोष्टी तुमच्या बाजूने असतात: वय तिशीच्या आत, उतरलेलं वजन १०-१५ किलोंपर्यंत, जाडी थोडीच वर्षं होती, ताणाच्या रेघा कमी, तंबाखूची सवय नाही, उन्हात फार काम नाही.

या विरोधात जातात: चाळिशीपुढचं वय, ४०-४५ किलो किंवा जास्त घट, लहानपणापासूनची जाडी, एकापेक्षा जास्त गरोदरपणं, वजन पुन्हा पुन्हा वाढणं-उतरणं, आणि रुंद, पांढुरक्या ताणाच्या रेघा. ती रेघ म्हणजे कातडीचा आतला थर तिथे फाटून भरून आला आहे. तो भाग इतर कातडीसारखा आकसत नाही.

जागेनुसारही फरक पडतो. तरुण वयात चेहरा आणि गळा बऱ्यापैकी सावरतो. पाठीच्या वरच्या भागाची कातडी जाड असते, तीही बरी बसते. बेंबीखालचं पोट, मांडीची आतली बाजू, दंडाची खालची बाजू आणि स्तन या चार जागा सर्वांत कमी सावरतात.

वजन हळू उतरवलं तर कातडी लोंबतच नाही, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. तेवढा पुरावा नाही. किती उतरलं आणि किती वर्षं ताण होता, हे वेगापेक्षा जास्त महत्त्वाचं ठरतं. तरीही आठवड्याला अर्धा ते एक किलोचा वेग आम्ही सुचवतो, कारण त्याहून वेगात स्नायू जास्त जातात आणि मोकळी कातडी आणखी मोकळी दिसते. वजन उतरवण्यासाठी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडची इंजेक्शनं घेणाऱ्यांना हे विशेष लागू आहे. भूक मरते, जेवण निम्म्यावर येतं आणि पहिला फटका प्रथिनांना बसतो.

## टप्पा ३: वजन स्थिर करा, मग दिवस मोजायला लागा

कातडी आकसण्याचा काळ वजन स्थिर झाल्यापासून मोजायचा, डाएट सुरू केल्यापासून नव्हे. स्थिर म्हणजे सलग तीन महिने वजन दोन-तीन किलोंच्या आतच वर-खाली. बॅरिअॅट्रिक ऑपरेशन (वजन उतरवण्यासाठी जठर-आतड्यांवर करतात ते) झालेल्यांचं वजन सहसा १२ ते १८ महिन्यांनी थांबतं, म्हणजे त्यांचा हा काळ तिथून पुढे सुरू होतो.

स्थिर झाल्यापासून वर्षभर तरी थांबा. बहुतेक सुधारणा या काळात होते. पुढे दीड-दोन वर्षांपर्यंत थोडी भर पडते, पण ती बारीक असते.

डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, नोंद ठेवा. महिन्यातून एकदा:

- फोटो: समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठीमागून, बसून आणि ओणवं होऊन. जागा, उजेड आणि मोबाइलचं अंतर तेच ठेवा.
- बेंबीच्या पातळीवर घेर, दंडाचा आणि मांडीचा घेर.
- पोटाची घडी आरशासमोर उभं राहून कुठपर्यंत येते. डॉक्टर तिचे पाच दर्जे मानतात: जांघेवरच्या केसांच्या रेषेपर्यंत आली तर पहिला, जननेंद्रिय झाकलं तर दुसरा, मांडीच्या वरच्या भागापर्यंत तिसरा, मांडीच्या मध्यापर्यंत चौथा, गुडघ्यापर्यंत किंवा खाली पाचवा. हा दर्जा तारखेसह लिहून ठेवा, पुढे विम्याच्या वेळी लागतो.

तपासा: तीन महिन्यांच्या अंतराने घेतलेली दोन मापं आणि फोटो सारखेच आले, वजनही तेच आहे आणि वर्ष उलटलं आहे, तर आपोआप होण्यासारखं जवळजवळ होऊन गेलं. आता उरलंय ते वाट पाहून जाणार नाही.

सावधान: टप्पा १ मध्ये चिमटा सगळीकडे पातळ आला असेल तर आणखी वजन उतरवू नका. पोट सपाट होत नाही म्हणून बाराशे कॅलरींवर महिनोन्‌महिने राहणारे लोक केस, पाळी, ताकद आणि हाडं यांची किंमत मोजतात. कातडी उपासाने जळत नाही.

## टप्पा ४: वाट पाहण्याच्या वर्षात स्नायू भरा

मोकळ्या झालेल्या कातडीखाली थोडं तरी भरीव आणता येतं, ते स्नायूंनी.

आधी प्रथिनं. तुमच्या उंचीला योग्य असलेल्या वजनावरून हिशेब करा, सध्याच्या किंवा जुन्या वजनावरून नको. दर किलोमागे रोज १.२ ते १.६ ग्रॅम. पाच फूट चार इंचांच्या व्यक्तीचं योग्य वजन ६० किलो धरलं तर ७२ ते ९६ ग्रॅम. शाकाहारी घरात हा आकडा आपोआप गाठला जात नाही, मांडणी करावी लागते. एका दिवसाचा नमुना:

- मोड आलेल्या मटकीची एक वाटी घट्ट उसळ: सुमारे ८ ग्रॅम
- घट्ट वरण, दोन वाट्या: १२ ते १४ ग्रॅम
- पनीर १०० ग्रॅम: सुमारे १८ ग्रॅम
- सोयाबीन वड्या, कोरड्या ३० ग्रॅम: सुमारे १५ ग्रॅम
- दूध एक कप आणि दही एक वाटी: ११-१२ ग्रॅम
- तीन भाकऱ्या किंवा पोळ्या: ८-९ ग्रॅम

बेरीज ७२ ते ७६. अंडी खात असाल तर दोन अंड्यांचे १२ ग्रॅम वरती. मासे किंवा चिकन असेल त्या दिवशी शिजवलेल्या १०० ग्रॅममागे साधारण २० ते ३० ग्रॅम मिळतात, मग पनीर आणि वड्या दोन्हींची गरज राहत नाही. 'मी रोज वरण खातो' म्हणणाऱ्यांचं वरण बहुधा पातळ असतं. त्या पाण्यात दोन-तीन ग्रॅमच असतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

मग वजनाचे व्यायाम. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस. प्रत्येक वेळी पाच प्रकार पुरतात: बैठका, वाकून वजन उचलणं, ढकलण्याचा एक प्रकार (भिंतीवर किंवा जमिनीवर जोर), ओढण्याचा एक प्रकार (रबरी पट्ट्याने किंवा डंबेलने), आणि डोक्यावर वजन नेणं. प्रत्येकाचे दोन-तीन सेट, ८ ते १२ वेळा, आणि शेवटच्या दोन आवृत्त्या जड जायला हव्यात. तिन्ही सेटमध्ये १२ सहज व्हायला लागले की वजन वाढवा. वर्षभर तेच दोन किलोंचे डंबेल हलवत राहिलात तर स्नायू वाढायचं कारणच उरत नाही.

फळ कुठे दिसेल? खांदे, दंड, मांड्या, नितंब आणि छातीवर. बेंबीखाली दिसणार नाही, कारण तिथले स्नायू मुळात सपाट असतात, फुगून कातडी भरतील असे नसतातच. दिवसाला शंभर क्रंचेस मारून खालच्या पोटाची झोळी जात नाही. स्नायूंमधली फट मोठी असेल तर क्रंचेसने ती उलट फुगते. तसं असल्यास आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.

व्यायाम करताना, चालताना घडी हलून काचते. उंच कंबरेची, घट्ट पण घाम शोषणारी पँट घडी वर उचलून आत घेते. त्याने कातडी आकसत नाही, काचणं मात्र थांबतं.

## टप्पा ५: घड्यांची निगा, रोज आणि न चुकता

सैल कातडीचा खरा त्रास दिसण्यापेक्षा घड्यांमध्ये असतो. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत जून ते ऑक्टोबर हा टप्पा चुकला तर घडीत जखम होणं जवळपास ठरलेलं.

१. आंघोळीला कोमट पाणी आणि सौम्य साबण. घडी उचलून आत हाताने धुवा. घासणी नको.
२. मऊ सुती पंचाने टिपा, चोळू नका. मग घडी उचलून पंख्याखाली दोन मिनिटं किंवा हेअर ड्रायरच्या थंड हवेवर. कोरडं होण्याआधी कपडे घालणं ही सर्वांत जास्त होणारी चूक.
३. काचण्याच्या जागी झिंक ऑक्साइडच्या मलमाचा किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर.
४. घडीत सुती कापडाची घडी केलेली पट्टी ठेवा, ओली झाली की बदला. उन्हाळ्या-पावसाळ्यात दिवसातून दोन-तीनदा.
५. साडी नेसणाऱ्यांनी परकराच्या नाडीऐवजी रुंद पट्टा वापरा. बारीक नाडी घडीच्या वर एकाच रेषेवर वर्षानुवर्षं काचते, तिथली कातडी काळी, खडबडीत होते आणि चिरते.

मलम लावलंय तिथे वर पावडर टाकू नका. दोन्ही मिळून गोळे होतात आणि तेच काचतात. लालसर, ओलसर कातडीवर हळद-लिंबू, कापूर घातलेलं तेल, जंतुनाशकाचं जळजळीत पाणी, यांतलं काहीही लावू नका.

खाज, लाल चट्टा आणि कडेला सुटे बारीक पुरळ दिसले तर बहुधा बुरशी. साधं क्लोट्रिमॅझोल १ टक्का क्रीम दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे. चट्टा दिसेनासा झाल्यावरही एक-दोन आठवडे लावत राहा. दोन आठवड्यांत अजिबात फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि रक्तातली साखर तपासा.

सावधान, हे खूप महत्त्वाचं आहे: ट्यूबवरची नावं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं एकही नाव असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. अशा मिश्र ट्यूब आपल्याकडे चिठ्ठीशिवाय सर्रास मिळतात. दोन दिवसांत खाज थांबते म्हणून लोक त्या महिनोन्‌महिने लावतात. बुरशी आत पसरत राहते आणि स्टेरॉइडने घडीतली कातडी आणखी पातळ होते, नव्या रेघा पडतात. आधीच सैल असलेल्या कातडीवर याहून वाईट प्रयोग नाही.

लगेच डॉक्टरांकडे: लाली पसरत चालली, जागा गरम आणि दुखरी, ताप, पू किंवा दुर्गंधी. मधुमेह असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका.

प्रत्येक वेळच्या चिठ्ठ्या, बिलं आणि तारखेसह फोटो एका फाइलमध्ये ठेवा. का, ते टप्पा ७ मध्ये.

## टप्पा ६: क्रीम, गोळ्या, मशिन

थोडक्यात सांगतो, कारण पैसे इथेच सर्वांत जास्त वाया जातात. मॉइश्चरायझरने कातडी मऊ होते, खाज कमी होते. लोंबणं कमी होत नाही. ट्रेटिनोइनने (अ जीवनसत्त्वाच्या जातीचं क्रीम) वरच्या बारीक सुरकुत्यांना फरक पडतो, पोटाच्या घडीला नाही, आणि गरोदरपणात ते वापरायचं नसतं. कोलेजनची पावडर पोटात पचते, इतर प्रथिनांसारखीच. त्यातून त्वचेचा ओलावा थोडा सुधारत असला तरी लोंबणारी कातडी वर जात नाही. आधी टप्पा ४ ची प्रथिनं पुरी करा.

रेडिओफ्रीक्वेन्सी, सुयांची रेडिओफ्रीक्वेन्सी आणि अल्ट्रासाउंडची मशिनं हलक्या सैलपणावर, म्हणजे चिमटीत येते पण लोंबत नाही अशा कातडीवर, थोडं काम करतात. त्यासाठी बऱ्याच वेळा जावं लागतं. घडी पडत असेल तर त्यावर पैसे घालू नका. वजन उतरून चेहरा आधीच खप्पड झालेल्यांनी चेहऱ्यावर अल्ट्रासाउंड करण्याआधी विशेष विचार करावा, कारण उरलीसुरली चरबीही त्याने कमी होऊ शकते. सैल कातडीवर नुसतं लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणं) केलं तर आतला आधार जातो आणि लोंबणं वाढतं.

## टप्पा ७: ऑपरेशनचा निर्णय आणि तयारी

लोंबणारी कातडी खात्रीने काढण्याचा मार्ग ऑपरेशनच आहे. ते मोठं ऑपरेशन आहे. लांब वण कायमचा राहतो, आणि कातडीच्या बदल्यात वण घ्यायला मन तयार आहे का, हे आधी स्वतःला विचारा.

कोणतं ऑपरेशन. पॅनिक्युलेक्टॉमीत फक्त लोंबणारी घडी कापतात. अॅब्डॉमिनोप्लास्टीत बेंबीखालची कातडी काढतात, बेंबी नव्या जागी बसवतात आणि स्नायूंची फट शिवतात. आडवी आणि उभी दोन्हीकडे कातडी जास्त असेल तर उभा छेदही लागतो, पोटाच्या मधोमध वण येतो. पोट, कंबर आणि नितंब एकदम करायचे तर छेद कमरेभोवती पूर्ण फिरतो. दंड, मांड्या आणि छाती वेगळ्या. सगळं एका दिवसात उरकण्याचा आग्रह धरू नका. जितके तास जास्त, तितका रक्तस्राव आणि रक्ताच्या गाठीचा धोका जास्त. दोन ऑपरेशनांमध्ये तीन ते सहा महिने ठेवतात. ज्याचा त्रास सर्वांत जास्त, ते आधी. बहुतेकांचं ते पोट असतं.

कोण करणार. प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची (किंवा त्या राज्याची) नोंदणी पाहा. 'कॉस्मेटिक' हा शब्द पाटीवर असणं पुरेसं नाही. खूप वजन उतरलेल्या रुग्णांची किती ऑपरेशनं केली आहेत, गुंतागुंत झाली तर त्याच इस्पितळात आयसीयू आहे का, पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं तर खर्च कुणाचा, हे तिन्ही प्रश्न स्पष्ट विचारा.

विमा. सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी विमा नियामकाच्या ठरलेल्या अपवादांत येते, म्हणजे पैसे मिळत नाहीत. पण आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका टाळण्यासाठी ती आवश्यक आहे असं उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित केलं तर वाट उघडी राहते. त्यासाठी लागतो पुरावा: वारंवार झालेला संसर्ग, घेतलेले उपचार, घडीचा दर्जा. टप्पा ५ ची फाइल इथे उपयोगी पडते. ऑपरेशनआधी लेखी पूर्वमंजुरी घ्या, कॉल सेंटरच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका.

तयारीचं वेळापत्रक:

*तीन महिने आधी.* वजन स्थिर आहे याची नोंद दाखवा. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० च्या आसपास असेल तर उत्तम. ३५ च्या वर जखम उघडण्याचं आणि संसर्गाचं प्रमाण वाढतं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासा. बॅरिअॅट्रिक ऑपरेशन झालेल्यांत लोह आणि बी-१२ कमी असणं नेहमीचं आहे, आणि ते भरून यायला आठवडे लागतात. म्हणून ही तपासणी शेवटच्या आठवड्यात करून उपयोग नाही. एचबीए१सी ७ च्या आसपास किंवा खाली आणा. पुढे मूल हवं असेल तर पोटाचं ऑपरेशन त्यानंतर करा.

*सहा आठवडे आधी.* निकोटिन पूर्ण बंद. सिगारेट, विडी तर आलीच, पण तंबाखू-चुना, गुटखा आणि मिश्रीसुद्धा. पुष्कळ बायका मिश्री म्हणजे तंबाखू हे डॉक्टरांना सांगतच नाहीत, कारण प्रश्न 'सिगारेट ओढता का' असा विचारला जातो. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि ओढून शिवलेल्या कातडीची कड काळी पडून मरते. निकोटिनच्या गोळ्या-पट्ट्यांबद्दलही सर्जनशी बोला.

*दोन आठवडे आधी.* घेत असलेली प्रत्येक गोष्ट लिहून द्या: अॅस्पिरिन, वेदनाशामक, फिश ऑइल, ई जीवनसत्त्व, काढे, चूर्णं, गर्भनिरोधक गोळ्या. काय कधी थांबवायचं ते सर्जनच ठरवतील. हृदयासाठीची गोळी मनाने बंद करू नका. सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइड चालू असेल तर भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगा. पोट हळू रिकामं होतं, आणि उपाशी असूनही आत अन्न राहिलं तर भूल देताना ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

तपासा: घडीत त्या दिवशी चट्टा, ओल किंवा फोड असेल तर तारीख पुढे ढकला.

## टप्पा ८: ऑपरेशननंतरचे दोन महिने

घरी आधीच सोय करा: पाठ आणि गुडघे उंच राहतील असं अंथरूण, आधाराला धरता येईल असा कमोड, आणि पहिले दोन आठवडे मदतीला एक माणूस. भारतीय पद्धतीचाच संडास असेल तर वर ठेवायची खुर्ची आणा, उकिडवं बसणं काही आठवडे बंद.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी चालायला लावतात. दुखलं तरी चाला. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून हे सर्वांत साधं आणि मोठं काम आहे. पहिला आठवडा-दोन आठवडे कमरेत किंचित वाकूनच चालायचं, टाके ताणायचे नाहीत. ड्रेनच्या, म्हणजे जखमेच्या आतलं पाणी बाहेर काढणाऱ्या, नळ्या असतील तर दर २४ तासांचं पाणी मिलिलिटरमध्ये लिहा. साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आल्यावर त्या काढतात. घाई करून लवकर काढल्या तर आत पाणी साचतं.

घट्ट पट्टा किंवा गारमेंट साधारण सहा आठवडे, सर्जन सांगतील तसं. चार-पाच किलोंच्या वरचं ओझं चार ते सहा आठवडे उचलायचं नाही. भरलेली पाण्याची बादली, गॅसचं सिलिंडर आणि कडेवरचं मूल, तिन्ही त्यात आली. परदेशातून मुंबई-पुण्याला येऊन ऑपरेशन करून घेणाऱ्यांनी परतीचं तिकीट दहा दिवसांचं काढू नये. लांबचा विमानप्रवास चार ते सहा आठवडे टाळायला हवा, आणि गुंतागुंत बहुतेक पहिल्या महिन्यातच होते.

रात्री-अपरात्री असलं तरी इस्पितळात: एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक दम लागणं किंवा छातीत दुखणं, १०१ च्या वर ताप, एका बाजूला झपाट्याने वाढणारी सूज, जखमेची कड काळी पडणं.

संध्याकाळी सूज येणं आणि बेंबीखाली बधिरपणा कित्येक महिने राहतो, त्याला घाबरू नका. शेवटचा आकार सहा ते बारा महिन्यांनी कळतो, म्हणून तिसऱ्या आठवड्यात फोटो काढून निराश होऊ नका. जखम पूर्ण मिटली आणि खपल्या गळल्या की, साधारण तिसऱ्या आठवड्यानंतर, सर्जनला विचारून वणावर सिलिकॉनची जेल किंवा पट्टी सुरू करा. दिवसातले निदान बारा तास, दोन-तीन महिने. वण उन्हापासून झाका, नाहीतर तो काळा पडतो. कान टोचल्यावर किंवा देवीच्या लशीच्या जागी ज्यांना कधी जाड गाठीसारखा वण आला असेल, त्यांनी हे ऑपरेशन ठरवतानाच सांगावं. त्यांच्या वणावर पहिल्या महिन्यापासून लक्ष ठेवावं लागतं.